वर्गाची घडी बसविण्याची विद्या

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी मला या संमेलनात चार शब्द बोलण्याचे निमंत्रण दिले व विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी मंडळाची मनःपूर्वक आभारी आहे. अशा प्रसंगी समाजाची उन्नती, शिक्षणाचे महत्त्व, तरुणांचे कर्तव्य असे मोठे विषय घेण्याची रीत आहे. परंतु माझे सारे आयुष्य भावी प्राथमिक शिक्षकांना शिकविण्यात गेले असल्यामुळे मी आज एक लहानसा विषय घेणार आहे. तो असा, की ज्या मुलामुलींना उद्या प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचे आहे, त्यांनी वर्ग सांभाळण्याची विद्या कशी संपादन करावी? विषय लहान दिसतो खरा. पण पहिलीत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे पुढचे सारे शिक्षण पुष्कळदा याच एका गोष्टीवर अवलंबून असते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या समाजातील अनेक मुली व काही मुले दरवर्षी बारावीनंतर दोन वर्षांच्या प्राथमिक शिक्षणशास्त्र पदविकेसाठी, म्हणजे पूर्वीच्या डी.एड. व आजच्या डी.एल.एड. साठी, प्रवेश घेतात. आईवडिलांची भावना अशी असते, की नोकरी सुरक्षित, सुट्ट्या भरपूर, आणि मुलीच्या जातीला शोभेलसे काम. पदविका हाती आली, शिक्षक पात्रता परीक्षेचा गड सर झाला, की सगळे मिळविले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात मात्र खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते, ज्या दिवशी कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातील एखाद्या दोनखोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेत ती एकटी पस्तीस मुलांपुढे उभी राहते. विषय तिला येत असतो. पाठाचे टाचण वहीत नीटनेटके लिहिलेले असते. तरीही पंधराव्या मिनिटाला दोघे जण पाटीवरून भांडत असतात, तिघी खिडकीतून बाहेर पाहत असतात, एक जण 'बाई, लघवीला जाऊ?' म्हणून तिसऱ्यांदा विचारीत असतो, आणि टाचणातील एकही वाक्य पुढे सरकत नाही. अशा वेळी दोनच गोष्टी हाताशी असल्यासारख्या वाटतात. एक आवाज व दुसरी छडी. येथेच अनेक चांगल्या शिक्षकांचा मार्ग चुकतो, आणि त्याची किंमत त्यांना नव्हे, तर मुलांना द्यावी लागते.

आपल्याकडे एक जुना समज आहे, की काही माणसांचा मुळातच दरारा असतो आणि काहींचा नसतो. दरारा नसेल त्याने मास्तरकीच्या फंदात पडू नये. हा समज मला मुळीच मान्य नाही. वर्गाची घडी बसविणे ही सुतारकामासारखी किंवा स्वयंपाकासारखी शिकता येणारी विद्या आहे. तिची अंगे निराळी करता येतात, एकेका अंगाचा सराव करता येतो, आणि कृश अंगाची, हळू आवाजाची मुलगीही त्यात निष्णात होऊ शकते.

या विद्येचा आपल्या देशातील इतिहासही मनोरंजक आहे. जुन्या काळच्या पंतोजींच्या शाळेत एकाच ओसरीवर सर्व वयांची मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत बसत. थोरल्या मुलांनी धाकट्यांना वळण द्यावे, ही तेथील रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात काम करणारे अँड्र्यू बेल यांनी मुलांकडून मुलांना शिकविण्याची आपली पद्धती अशाच देशी शाळेतील मुलांना वाळूवर अक्षरे गिरवताना पाहून बसविली व १७९७ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ती इंग्लंडात पसरली. म्हणजे गटप्रमुख नेमून वर्ग चालविण्याची युक्ती परदेशातून आलेली नाही. त्या जुन्या शाळेत छडीही होती आणि अंगठे धरून उभे करणेही होते. तेव्हा जुन्यातले काय उचलावयाचे व काय टाकावयाचे, हा विवेक आपणच केला पाहिजे.

शिक्षक जन्मावा लागतो असे नाही, तो घडवावा लागतो, ही जाणीव महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, तेव्हा त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी आपल्या पत्नी सावित्रीबाई यांना केवळ उत्साहाच्या बळावर वर्गापुढे उभे केले नाही. सावित्रीबाईंनी अहमदनगर येथे मिस फॅरार यांच्याकडे व पुण्यात नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, हा आग्रह धरला. आजही हा प्रश्न संपलेला नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बी.एड. पदवी ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता होऊ शकत नाही. मोठ्या मुलांना शिकविण्याचे शिक्षण निराळे आणि लहानग्यांना शिकविण्याचे निराळे, हे त्या निर्णयाचे मर्म होय. ज्या घरात 'नुसते डी.एल.एड.च का?' असा प्रश्न विचारला जातो, त्या घराने हे अवश्य ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. वर्ग शांत कशाने होतो? गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' हे १९३२ सालचे गुजराती पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी मराठीतून वाचले असेल. त्यातील हौशी शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्या दिवशी मोठ्या तयारीने जातो व मुलांना शांततेचा खेळ खेळावयास सांगतो. मुले मात्र नाना आवाज काढून त्याची फटफजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तीच मुले पुतळ्यासारखी बसतात. मागून शांतता मिळत नाही. मुलांना मन लावण्याजोगे काही दिले, की ती मागोमाग येते. हा पहिला धडा होय.

दुसरा धडा अमेरिकेतील जेकब कौनिन या मानसशास्त्रज्ञाचा. त्यांनी पुष्कळ वर्गांचे चित्रण करून बारकाईने निरीक्षण केले व १९७० साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय बोलतो, कसे रागावतो, यावर चांगला वर्ग व विस्कळीत वर्ग यांतील फरक ठरत असावा, अशी अपेक्षा होती. परंतु तसे आढळले नाही. रागावण्याच्या पद्धतीत फारसा भेद नव्हता. भेद होता तो गोंधळ होण्यापूर्वीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाला वर्गाच्या चारी कोपऱ्यांत काय चालले आहे याची सतत जाणीव असे, आणि ती जाणीव त्याला आहे हे मुलांनाही ठाऊक असे. तो एका वेळी दोन गोष्टी सांभाळी. एकीचे वाचन ऐकता ऐकता दुसऱ्याची वही तपासून हातावेगळी करी. एका कामातून दुसऱ्या कामात तो वर्गाला धक्का न लागू देता नेई. आपल्या घरातल्या आज्या हेच करीत नव्हत्या काय? चुलीवरच्या दुधाकडे एक डोळा, पाळण्याकडे दुसरा, आणि अंगणातल्या नातवंडांकडे कान. ही दृष्टी शिक्षकाला सरावाने कमावता येते.

एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याचा जो मुद्दा मी सांगितला, त्याचा हिशोब थोडा तपशिलाने मांडते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. आता पाट्या काढा, वह्या वाटा, जागा बदला, रांग करा, यांत दिवसाकाठी अर्धा तास वाया गेला असे धरा. वर्षाचे १०० तास गेले. म्हणजे आठवा हिस्सा, शाळेचे पूर्ण पंचवीस दिवस! एका छात्राध्यापिकेचा पाण्याच्या रूपांतरावरचा सराव पाठ मी पाहत होते. विषय सुरेख मांडला होता, प्रश्नही मार्मिक होते. पण पेले, बर्फ आणि ताटल्या वाटण्यातच अकरा मिनिटे गेली आणि तेवढ्यात मागच्या रांगेत बर्फाची फेकाफेक सुरू झाली. पुढच्या खेपेस तिने साहित्य आधीच सहा ताटांत मांडून ठेवले, प्रत्येक गटाचा एक प्रमुख नेमला, आणि वाटप दीड मिनिटात झाले. तिचा आवाज तोच होता, मुले तीच होती. फक्त तयारी बदलली होती.

यास्तव माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे, की टाचणवहीत विषयाचे मुद्दे लिहिता, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा. मुले कशी बसतील, साहित्य कोण वाटील, काम आधी संपलेली मुले काय करतील, आणि पाठ संपताना सारे जागेवर कसे परत येईल, हे त्या रकान्यात लिहा. 'काम आधी संपलेली मुले काय करतील' हा प्रश्न तर सोन्याचा आहे. वर्गातील निम्मा उपद्रव हुशार मुलाच्या रिकाम्या हातांतून जन्मतो.

आता या विद्येची काही अंगे क्रमाने सांगते.

पहिले अंग नावांचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे नाव तोंडपाठ झालेच पाहिजे. 'ए, तू, मागच्या बाकावरचा' या हाकेने मूल दुखावते. नावाने हाक मारली, की ते आपले होते. हजेरीपटाचा उपयोग नुसत्या खुणा करण्यासाठी नाही. रोज दोन नावांपुढे त्या मुलाविषयी एखादा शब्द मनात साठविण्यासाठीही तो आहे.

दुसरे अंग नियमांचे. नियम चारपाचच असावेत, आणि ते मुलांशी बोलून ठरवावेत. 'गोंगाट करू नका' असा नकाराचा नियम करण्याऐवजी 'एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील' असा करण्याचा नियम असावा. आणि मुख्य म्हणजे नियम भिंतीवर लावून भागत नाही. पाढ्यांप्रमाणे तो शिकवावा लागतो. दुपारच्या पोषण आहारासाठी रांग कशी करावयाची, हात कोठे धुवावयाचे, ताट कोठे ठेवावयाचे, याचा पहिल्या आठवड्यात चारपाच वेळा सराव करून घ्यावा. त्यात गेलेली वीस मिनिटे पुढे वर्षभर व्याजासह परत मिळतात.

तिसरे अंग आवाजाचे व खुणेचे. वर्गाचा आवाज चढला, की शिक्षकाचा चढतो. शिक्षकाचा चढला, की वर्गाचा आणखी चढतो. ही शर्यत शिक्षक कधीच जिंकत नाही. त्याऐवजी एक ठराविक खूण असावी. टाळीचा ठेका, वर उचललेला हात, एखादी ओळखीची चाल, काहीही चालेल. ती खूण दिली की सर्वांनी हातातले काम थांबवून पाहावयाचे, आणि सर्व थांबेपर्यंत शिक्षकाने एक अक्षरही बोलावयाचे नाही.

चौथे अंग प्रश्नांचे. पुष्कळ शिक्षक आधी नाव घेतात आणि मग प्रश्न विचारतात. नाव घेतल्याबरोबर बाकीची मुले सुटकेचा निःश्वास टाकून स्वस्थ बसतात. प्रश्न आधी विचारावा, थोडे थांबावे, आणि मग नाव घ्यावे. म्हणजे त्या क्षणभरात सारा वर्ग विचार करतो. अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषींनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात 'एक, दोन, तीन' म्हणण्याइतका अवकाश. पण नव्या शिक्षकाला तो युगासारखा वाटतो. म्हणून त्याचाही सराव करावा लागतो.

पाचवे अंग चुकणाऱ्या मुलाशी वागण्याचे. येथे पायऱ्या आहेत. आधी नुसती नजर. मग बोलणे न थांबविता त्याच्याजवळ जाऊन उभे राहणे. मग त्याला एखादे काम किंवा सोपा प्रश्न देणे. तरी न भागल्यास वर्ग सुटल्यावर एकट्याला बाजूस घेऊन दोन शब्द. आणि मग घरी भेट. पहिल्या पायरीवरून एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेऊ नये, आणि चारचौघांत मुलाचा पाणउतारा तर कधीच करू नये. त्याचप्रमाणे शाबासकीही नेमकी असावी. 'छान!' म्हणण्यापेक्षा 'आज तू शेजारणीला पेन्सिल दिलीस आणि तिचे वाचून होईपर्यंत थांबलास' असे म्हटले, तर काय चांगले केले हे मुलाला कळते, आणि ऐकणाऱ्या इतरांनाही कळते.

आपल्या जिल्ह्यात या सर्वांवर आणखी एक कसोटी असते, ती बहुवर्ग शाळेची. साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोन शिक्षक मिळतात; पण इयत्ता मात्र चार किंवा पाच असतात. तेव्हा एका शिक्षकाने एकाच खोलीत दोनतीन इयत्ता एका वेळी चालविणे हे वाड्यावस्त्यांवर नित्याचे आहे. अशा ठिकाणी फळ्याचे उभे भाग पाडावेत. पहिलीला तोंडी शिकविताना तिसरीला लेखी काम द्यावे. परिसर अभ्यासासारखा विषय सर्वांना एकत्र घ्यावा. आणि मोठ्यांकडून धाकट्यांचे वाचन करवून घ्यावे. येथे पंतोजींच्या ओसरीवरची ती जुनी रीत छडीवाचून पुन्हा उपयोगी पडते. जून २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमामुळे अनेक शाळांत मुले गटागटाने गोल करून बसू लागली. गटात बसलेला वर्ग थोडा गुणगुणतो, हे खरे. परंतु कामाची गुणगुण आणि कंटाळ्याचा गलका यांतील फरक ओळखणारा कान शिक्षकाला हवा.

आणि मित्रांनो, निव्वळ शांतता हे चांगल्या वर्गाचे लक्षण नव्हे, हे मराठवाड्याने तरी विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी माध्यमिक शाळांत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि घरी मराठी बोलणारी कितीतरी मुले तेथे मुकाट्याने बसत असतील. मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे यासाठी १९१५ साली या शहरात सरस्वती भुवनासारखी शाळा उभी राहिली. आज तोच प्रसंग उलट बाजूने आपल्यापुढे आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, कोणी भिली बोलते, वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कामगाराचे मूल हिंदी बोलते. अशा मुलाने पहिले दोन महिने तोंड उघडले नाही, तर त्याला ढ किंवा हट्टी ठरविण्यापूर्वी त्याच्या भाषेतील दहा शब्द शिक्षकाने शिकावेत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेले आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलेले मूल वर्गात अस्वस्थ होते, कारण फळ्यावरचे त्याला कळत नाही. त्याला शिस्त लावण्यापूर्वी सुटलेला अभ्यास भरून द्यावा लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले व १९५७ साली कोसबाडला नेलेले कार्य येथे आठवते. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा भरविली. मुलाच्या जीवनक्रमाशी जुळणारी व्यवस्था हीच टिकते.

आता जे बोलणार आहे, ते एका ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलणे मला अगत्याचे वाटते. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे, हे स्वतः डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. त्या वर्गात गलका नसेल, रांगा सरळ असतील, पाढे एका सुरात होत असतील. तरी त्या व्यवस्थेला कोणी चांगली म्हणेल काय? त्याच बाबासाहेबांनी पुढे १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय उभे केले. तेव्हा आपल्या ज्ञातीतून जो कोणी शिक्षक होईल, त्याने पहिल्या दिवशी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पुढच्या रांगेत कोण बसते? केर काढावयास मी कोणाला सांगते? पाण्याच्या हंड्याला हात कोण लावते? पाहुणे आले की स्वागतगीताला कोणाला उभे करते? या चारही गोष्टी पाळीपाळीने, हजेरीपटाच्या क्रमाने झाल्या पाहिजेत. मंडळ आपले आहे याचा आपल्याला अभिमान असावा. परंतु वर्ग सर्वांचा आहे, आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर ज्ञातीही काढून ठेवावयाची आहे.

छडीविषयी दोन शब्द. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास स्पष्ट मनाई केली असून, तसे करणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. परंतु कायद्याच्या भीतीने छडी टाकणारा शिक्षक तिच्या जागी टोमणे आणतो, आणि टोमण्याचा वळ दिसत नाही एवढेच. छडी टाकली पाहिजे ती ती निरुपयोगी आहे म्हणून. भीतीने मूल गप्प बसते. पण भ्यालेले मूल प्रश्न विचारीत नाही, आणि प्रश्न न विचारणारे मूल शिकत नाही. येथे पालकांनाही मी हात जोडून विनंती करते. 'गुरुजी, हाडे आमची, कातडी तुमची' असे म्हणून मुलाला शाळेत सोडण्याची जुनी चाल अजून समूळ गेलेली नाही. त्या वाक्याने आपण शिक्षकाला बळ देत नाही. त्याच्यातल्या आळसाला परवानगी देतो.

मग ही विद्या शिकावी कशी? अध्यापक विद्यालयात सूक्ष्म अध्यापन असते. पाचदहा मिनिटांचा पाठ, थोडेच विद्यार्थी, आणि एका वेळी एकच कौशल्य. त्याला अनेक जण उपचार समजून पाट्या टाकतात. तसे करू नका. शाळेत निरीक्षणासाठी बसाल, तेव्हा शिक्षक काय शिकवितो याऐवजी पाच मिनिटे केवळ त्याच्या पायांकडे पाहा. तो कोठे उभा राहतो? वर्गाच्या कोणत्या भागात कधीच जात नाही? पुढची पाच मिनिटे कोणत्या मुलांना प्रश्न विचारले, याच्या खुणा करा. मग स्वतःचा पाठ असेल तेव्हा मैत्रिणीला मागे बसवून आपल्याविषयी तशाच खुणा करावयास सांगा. दररोज निजण्यापूर्वी वहीत तीनच ओळी लिहा. वर्ग कोठे हातातून निसटला, त्याच्या आधीचे मिनिटभर मी काय करीत होते, उद्या काय बदलेन. मात्र एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. आणि ज्या शाळेत जाल, तेथील सर्वांत अनुभवी बाईंच्या किंवा गुरुजींच्या वर्गात आठवड्यातून एक तास बसण्याची परवानगी मागा. पुस्तकात न सापडणारे पुष्कळ काही तेथे सापडते.

शेवटी मंडळाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. एक अशी, की आपल्या गुणगौरवाच्या यादीत व शिष्यवृत्तीत वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांशेजारी प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनाही जागा असावी. ज्यांच्या हाती पुढचे डॉक्टर व इंजिनियर पहिलीत अक्षरे गिरविणार, त्यांना टाळ्यांशिवाय परत पाठवू नये. दुसरी अशी, की मे महिन्यात मंडळाचे सभागृह रिकामे असते. तेथे पंधरा दिवस, रोज दोन तास, आसपासच्या वस्तीतील सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी गोष्टी, गणिती खेळ व वाचनाचा वर्ग चालवावा. शिकवितील आपले छात्राध्यापक, आणि मागे बसून खुणा करतील आपल्यातील निवृत्त शिक्षक व शिक्षिका. याला खर्च जवळजवळ नाही; सतरंज्या मंडळाच्या आहेतच, खडूफळ्याची तरतूद मी करते, आणि पहिल्या वर्षी रोज हजर राहण्याचे वचनही देते. नावे नोंदवावयाची असतील त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांच्या टेबलाशी यावे.